भित्री एस्तेर

मागच्या महिन्यात चर्चची दोन माणसं आमच्याकडे येऊन गेली. त्यांच्या आवारात जुन्या सेवक-सेविकांच्या नावांची एक शिळा बसवायची आहे. एस्तेरबाईंना प्रत्यक्ष पाहिलेलं आता सोलापुरात फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. दोघं बैठकीत बसली, चहा प्यायली, आणि त्यांच्यातल्या तरुणाने खिशातून कागद काढून मला वाचून दाखवला. पहिल्याच ओळीत ‘निर्भय सेविका’ असे शब्द होते. मला हसू आवरेना.

“काही चुकलं का, आजी?” तो बिचारा ओशाळला.

“चुकलं कसलं, साफ उलटं लिहिलंय. एस्तेरइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही.”

त्यांना ते रुचलं नाही हे दिसतच होतं. शिळेवर ‘भित्री’ असं कोरत नाहीत, एवढं मलाही कळतं. दोघं कागदाची घडी घालून निघून गेली आणि मी मात्र दिवसभर अस्वस्थ राहिले. शिळेवर कोरतील ती बाई कुणी भलतीच असेल, आणि माझी एस्तेर माझ्याबरोबरच संपेल, असं वाटत राहिलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

एस्तेर कुत्र्याला भ्यायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेलाच्या दुकानापुढे एक पिवळं कुत्रं पडलेलं असे. ते कुणाच्या अध्यात नव्हतं ना मध्यात, पण त्याला चुकवायला ही बाई मागच्या विणकरांच्या आळीतून भर उन्हात वळसा घालून यायची. पालीला भ्यायची, टांग्याच्या घोड्याला भ्यायची, ढग गडगडले की कानांवर हात ठेवायची. मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीण मडमेला तर इतकी भ्यायची, की ‘मडमेनं नुसतं एस्तेर म्हटलं तरी हातातलं भांडं पडतं’ असं स्वतःच सांगायची. रस्त्याने चालताना छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरलेली असायची. ऊन असो, नसो, छत्री उघडी. कुणी पुढून आलं की ती छत्री जरा खाली व्हायची आणि आत एस्तेर दिसेनाशी व्हायची.

ती माझ्याच वयाची, विशी नुकतीच ओलांडलेली. अंगाने बारीक, रंगाने काळीसावळी, पांढरं लुगडं, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. तिचे आईवडील वळसंगचे, गावकुसाबाहेरचे. ती रांगती असतानाच ते ख्रिस्ती झाले होते. मिशनच्या वसतिगृहात शिकून ती नर्स झाली आणि त्यांच्याच शाळेतल्या दाविद मास्तरांशी तिचं लग्न लागलं. तिच्याजवळ दोन भाषा होत्या. जिवात जीव असला म्हणजे ती वसतिगृहातलं छापील मराठी बोलायची, ‘आपण चिंता करू नये’ वगैरे. घाबरली की ते सगळं गळून पडायचं आणि आतून वळसंग बाहेर यायचं. त्यामुळे ती किती घाबरली आहे हे तिला विचारावं लागत नसे.

आमच्या घरी ती आली त्याला कारण माझी मुलं. पहिला मुलगा, दुसरी मुलगी. दोघंही गुटगुटीत जन्मली आणि दोघंही पाचवीच्या आगेमागे गेली. आधी दूध ओढेनाशी झाली, मग इवलासा जबडा मिटला तो उघडेना, मग अंग धनुष्यासारखं ताठ. त्याला धनुर्वात म्हणतात हे मला फार पुढे कळलं. तेव्हा घरात एकच शब्द होता, सटवाई. पाचव्या दिवशी ती येते, कपाळावर लिहून जाते, आणि रुसली तर लेकरूच घेऊन जाते. आमच्या गल्लीत तिने बऱ्याच घरांतून अशी लेकरं नेली होती. माझ्या सासूबाईंची तर इतकी, की त्या नावंसुद्धा घेत नसत. सगळ्यांतून एकटे माझे यजमान राहिले होते.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंद कुणालाच झाला नाही. सासूबाई देवापुढे बसून राहायच्या. मी जेवायला बसले की माझाच जबडा दुखू लागायचा, घास गिळवायचा नाही. बाळंतपणात मी मरेन असं मला कधी वाटलं नाही. मरेल ते लेकरू, आणि मला पुन्हा ते बघावं लागेल, या भीतीने मी वाळत चालले होते. यजमान गिरणीत कारकून होते. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाची मुलं अशीच गेली होती, आणि शेवटचं मिशनच्या नर्सबाईच्या हातचं जगलं होतं. त्यांनी घरी येऊन ते सांगितलं आणि सासूबाई उसळल्या.

“बाटगी? माझ्या घरात? सोवळ्याओवळ्याचं काय?”

दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी तोड सासूबाईंनीच काढली. बाळंतीण झाली की अकराव्या दिवशी न्हाईपर्यंत तिला कुणी शिवत नाही, ती स्वतःच विटाळाची. तिची खोली विटाळाची. मग विटाळाच्या खोलीत आणखी कुणी आलं तर बिघडतं कुठे? बाकीच्या घराला तिने हात लावायचा नाही, परसातल्या दाराने यायचं आणि त्याच दाराने जायचं. सासूबाईंच्या डोक्यातून हे निघालं तेव्हा यजमान माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले.

बाळंतपणाआधी ती तपासायला यायची तेव्हा मात्र मी विटाळाची नव्हते. म्हणून असं ठरलं, की परसात शेवग्याखाली तिने मला तपासावं आणि ती गेली की मी आंघोळ करावी. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिच्या देखतच बंबात लाकडं सारली. एस्तेरने ते बघितलं, कशासाठी ते तिला कळलं, आणि छत्री उघडता उघडता ती मला म्हणाली, “वैनी, पाणी कोमट घ्या. कढत नको आणि गारही नको. आत्ता सर्दी परवडायची नाही.”

सासूबाईंना तिची आणखी एक धास्ती होती. लग्न झालेली बाई आणि कपाळ मोकळं! पांढरं लुगडं, कुंकू नाही, म्हणजे बघणाऱ्याला विधवाच वाटावी. आणि अशी बाई गरोदर सुनेसमोर येऊन बसणार. “तिचं तोंड सकाळी सकाळी पहिलं बघू नकोस,” असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मी एकदा हसत हसत एस्तेरला ते सांगितलं. दुसऱ्या वेळेपासून ती दारात आली की आधी खोकायची, मला तोंड वळवायला वेळ मिळावा म्हणून. मला इतकं कानकोंडं झालं की विचारू नका. मी तोंड वळवलं नाही कधी, पण तिचं खोकणं काही थांबलं नाही.

मला हात लावण्याआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची. ती छापील मराठीतली नसायची.

“देवा, मला भ्या वाटतंय. हितं हाईस न्हवं?” एवढंच म्हणायची आणि गप्प राहायची. जरा वेळाने कुणी उत्तर दिल्यासारखी मान हलवून “बरं” म्हणायची आणि मग कामाला लागायची. हात त्याआधी थरथरत असायचे, नंतर थरथरायचे नाहीत. हे मी दर वेळी बघायची. आमच्याकडे देवाला उटणं, नैवेद्य, आरती सगळं होतं, पण त्याच्याशी असं कुणी बोलत नसे. सासूबाई आतल्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या आणि नाक मुरडायच्या, पण ऐकल्याशिवाय राहायच्या नाहीत.

कार्तिकात मला कळा सुरू झाल्या. सकाळी गिरणीच्या पहिल्या भोंग्याला पोटात चमक आली, दुसऱ्या भोंग्यापर्यंत यजमान टांगा घेऊन दवाखान्यात गेले आणि ती आली. परसात तिने तीन दगड मांडून चूल पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात कात्री आणि दोरा सोडला, आणि गाणं म्हणू लागली. मला वाटलं, ही बाई वेडी आहे की काय. माझ्या जिवावर बेतलंय आणि ही गाते आहे! पुढे मला ते उमगलं. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. कात्री किती वेळ उकळायची याचा हिशेब तिने एका गीताशी बसवला होता. त्याची सगळी कडवी सावकाश, उपासनेत म्हणतात तशी म्हणून झाली, की कात्री बाहेर. त्या दिवशी ती इतकी भ्यालेली होती की गीत धावतच सुटलं. शेवटच्या कडव्याशी येऊन ती थबकली.

“न्हाय. घाईत झालं,” असं स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं. कळा येत होत्या, तशी मी आतून ओरडले, “एस्तेरबाई, या ना आता!” ती आली नाही. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण एक ओळ तिने गाळली नाही.

मूल आलं ते दुपारी. मुलगा. सासूबाई दाराशी विळा घेऊन तयार होत्या. आमच्या घरात नाळ त्याच विळ्याने कापायची आणि वर चुलीतली राख दाबायची, हे त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. एस्तेरने विळा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. लेकराला छातीशी धरून ती भिंतीला टेकली.

“काकूबाई, मला मारा पायजे तर. पण त्यो इळा न्हाय. राख न्हाय. पाया पडते तुमच्या.”

सासूबाईंना कुणी असं आडवं येत नसे. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, ती लटलटा कापत होती, पण जागची हलेना. शेवटी सासूबाईंनी विळा खाली केला. नाळ कात्रीने कापली गेली. उकळलेल्या फडक्याची पट्टी बांधून झाल्यावर एस्तेर परसात गेली आणि ओकली. मला आवाज ऐकू आला. तेव्हा वाटलं, भीतीने असेल. तिलाही दिवस गेले होते हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलाचं नाव आम्ही धोंडू ठेवलं. पोरं जगत नाहीत त्या घरात असंच काहीतरी दगडाधोंड्याचं नाव ठेवतात, म्हणजे न्यायला येणाऱ्याला हाव सुटू नये. पट्टी बदलायला एस्तेर रोज यायची. आली की आधी लेकराच्या तोंडात करंगळी घालायची. ते चोखू लागलं की तिचे खांदे खाली यायचे आणि माझेही.

मग पाचवी आली.

पाचवीला आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत पाटावरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात, आणि ज्या हत्याराने नाळ कापली तेही पाट्यावर ठेवून पुजतात. हत्यार पुजलं नाही तर पूजा पुरी होत नाही. दुपारी एस्तेर आली तेव्हा सासूबाईंनी पाटा मांडून ठेवला होता, हळदकुंकवाची बोटं ओढली होती, ज्वारीची रास घातली होती. मधली जागा रिकामी होती.

“तुझी ती कात्री दे,” सासूबाई म्हणाल्या. “संध्याकाळी घेऊन जा.”

एस्तेरने पिशवी पोटाशी धरली. “कशाला, काकूबाई?”

“कशाला म्हणजे? पुजायला.”

सासूबाईंना यात अवघड काही दिसत नव्हतं. विळा तू वापरू दिला नाहीस, कात्री वापरलीस, तर कात्री पुजायची, सरळ हिशेब. पण एस्तेरच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या देवापुढे आपल्या हाताने वस्तू ठेवायची म्हणजे तिच्या धर्मात आपल्या देवाला नाकारणंच. आईबापांनी गाव सोडलं, भाऊबंद सोडले, ते याच्यासाठीच. ती मान हलवत राहिली.

आणि नेमका त्याच दुपारी धोंडू दूध ओढेनासा झाला. तोंडात दिलं तरी चघळून सोडून द्यायचा आणि डोळे मिटायचा. मी किंचाळलेच. दोन वेळा मी हे बघितलं होतं आणि दोन वेळा ते असंच सुरू झालं होतं. एस्तेरने करंगळी घातली, जरा वाट बघितली, “झोपेत हाय वैनी, झोपेत हाय,” म्हणाली, पण तिच्याच आवाजात जोर नव्हता.

सासूबाईंनी तिच्यापुढे पदर पसरला. माझ्या सासूबाई, ज्या मामलेदारिणीपुढे वाकल्या नव्हत्या, त्या शेवग्याखाली बसणाऱ्या एका पोरीपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. “सगळी गेली गं माझी. सगळी याच दिवशी गेली. हा एक ठेव. दे गं ती.”

एस्तेरने पिशवीचं तोंड सोडलं, पुन्हा आवळलं. मग तिने कात्री काढली. पाट्यावर ठेवली नाही. खाली जमिनीवर ठेवली, आणि परसात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. आत पूजा चालली होती, कात्रीला हळदकुंकू लागत होतं, आणि बाहेरून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. त्या दिवशी ‘बरं’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

धोंडू खरोखरच झोपेत होता. दिवे लागायच्या आत उठला आणि पोटभर प्यायला. सहावा दिवस गेला, सातवा गेला, नवव्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसल्या. अकराव्या दिवशी मी न्हायले, सोयर फिटलं, आणि नियमाप्रमाणे एस्तेरचं खोलीत येणं बंद झालं. तरी ती परसात येत राहिली, आणि मी धोंडूला घेऊन शेवग्याखाली बसू लागले. सासूबाई आतून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पत्रावळीवर पाठवायच्या. ती कुठे ठेवायची, कशी ठेवायची याचे नियम होतेच, पण चटणीवर तेलाची धार घरच्यांच्या पानासारखीच सढळ असायची.

अशाच एका दुपारी तिने मला सांगितलं, की तिला दिवस गेले आहेत. मी आनंदाने टाळी वाजवणार होते, पण तिचा चेहरा बघून हात थांबला.

“मी कात्री दिली न्हवं,” ती म्हणाली. “मास्तरास्नी वाटतं मी तुमच्यासाठी दिली. तुमाला धीर यावा म्हणून. चर्चच्या पाळकसाहेबांनाबी मी तसंच सांगितलं आधी. पण तसं न्हाय, वैनी. मी भ्याले. लेकराला काय झालं असतं तर समद्या गल्लीनं म्हटलं असतं, त्या बाटगीनं पूजा करू दिली न्हाय म्हणून गेलं. परत कुणी दारात उभं केलं नसतं मला. माणसांना भिऊन मी देवाला सोडलं.”

“पाळकसाहेब काय म्हणाले?”

“खरं सांगितलं तवा म्हणाले, क्षमा मागितलीस, क्षमा मिळाली, झालं.”

“मग झालं की!”

“त्यांचं झालं. माझं कुटं झालं?”

त्यांच्यात महिन्यातून एकदा सगळी मंडळी मिळून प्रभुभोजन घेतात, भाकर आणि द्राक्षरस. एस्तेरने ते घेणं सोडून दिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच ठरवलं होतं. आपलं लेकरू सुखरूप हातात येईपर्यंत त्या भाकरीला हात लावायचा नाही. मी ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो एस्तेरबाई, हा तर चक्क नवस झाला!”

ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहिली. “अगं बया,” म्हणाली, “व्हय की!” आणि हसत सुटली. मीही हसले, धोंडूही दचकून हसला. हसता हसता तिचे डोळे भरून आले. “आता ह्याची बी क्षमा मागू का, वैनी? कशाकशाची मागू?”

तिला मनातून काय वाटत होतं ते तिने नंतर कधीतरी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. माझं लेकरू जगलं, त्याच्या बदल्यात देव तिचं नेईल, अशी भीती तिला लागली होती. ‘देव तसा न्हाय, मला म्हाईत हाय,’ असं ती दहादा म्हणायची. ‘बायबलात कुटंच तसा न्हाय. पण भीतीला वाचता येतं का?’ मी तिला समजवायची, आणि समजवता समजवता मलाच वाटायचं, खरंच तसं असलं तर? तिचं पोट वाढत चाललं तशी मी धोंडूला जवळ ओढून घेऊ लागले.

या सगळ्यात तिचं काम एक दिवस थांबलं नाही. विणकरांच्या आळीत, गिरणीच्या चाळींत, कुठून कुठून बोलावणं यायचं आणि ही छत्री उघडून निघायची. तीन दगडांची चूल, पातेलं, आणि गीत. सातव्या महिन्यात धाप लागल्याने कडवी तुटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी विचारलं, इतकी भीती वाटते तर जाता कशाला? मडमेला सांगा, पोट वाढलंय, जमत नाही. ती म्हणाली, “घरी बसून भ्यायलं काय आन् तितं जाऊन भ्यायलं काय. तितं निदान कुणाचा तरी उपयोग हुतो.” कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला आणि उठली. त्या दिवशीही ती विणकरांच्या आळीनेच गेली, पिवळं कुत्रं मरून महिना झाला होता तरी.

वैशाखात सोलापूर भाजून निघतं. मडमा थंड हवेला गेल्या होत्या. त्या असत्या तरी काही झालं असतं असं नाही, बाळंतज्वरावर तेव्हा औषधच नव्हतं. एस्तेरला मुलगी झाली, मुलगी धडधाकट होती, आणि तिसऱ्या दिवशी एस्तेरला हीव भरून ताप चढला. दाविद मास्तर आमच्या गल्लीत आले, ओट्याखाली उभे राहिले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, “वैनीबाई, तिनं तुमची आठवण काढलीय. येताल का?”

मी सासूबाईंकडे बघितलं. बाळंतज्वर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो म्हणत, दुधातून लेकराला होतो म्हणत. आणि माझ्या अंगावर धोंडू पीत होता. सासूबाईंनी त्याला शेजारच्या काकूंकडे दिलं, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, “मी येते बरोबर. तू लांब उभी राहायचं. हात लावायचा नाही कशाला.” टांग्यात त्या वाटभर हेच बजावत होत्या, आणि मी हो हो म्हणत होते. मला खरंच हात लावायचा नव्हता. मी इतकी घाबरले होते की माझे दात वाजत होते.

दवाखान्याच्या त्या खोलीला वाळ्याचा पडदा लावला होता, तरी आत भट्टी होती. एस्तेर खाटेवर होती. तोंड लाल, ओठ फुटलेले, केस कुणीतरी कापून टाकलेले. तिने मला बघितलं आणि ओळखलं. पलीकडे एक म्हातारी नर्स मुलीला चमच्याने गाईचं दूध पाजत होती आणि मुलगी ते ओकून टाकत होती. तिचा आवाज बसला होता. रडणं म्हणजे नुसती घरघर उरली होती. एस्तेरचे डोळे त्या आवाजाकडे जायचे, परत यायचे.

“तिला बी न्यायला आलंय,” ती मला म्हणाली. “म्हटलं नव्हतं मी?”

तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. ती मागणारी नव्हती, आणि असली मागणी तिच्या स्वप्नातही आली नसेल. पण तान्ह्याचं रडणं अंगावर पिणाऱ्याच्या आईला ऐकू आलं की तिचं तिच्या हातात काही राहत नाही. माझी चोळी ओली झाली. पदर ओला झाला. मी पदर ओढून घेतला, पण एस्तेरने बघितलं, आणि सासूबाईंनीही बघितलं. एस्तेरने चटकन डोळे दुसरीकडे वळवले.

मी पुढे झाले ते कशी, हे मला सांगता येत नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. धोंडूला काही झालं तर, गल्लीला कळलं तर, सासूबाई मला घरात घेणार नाहीत, सगळं एकदम डोक्यात होतं. म्हाताऱ्या नर्सच्या हातून मी मुलगी घेतली, खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि तिला पदराखाली घेतलं. मागे सासूबाईंनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. आता काय बोलतात म्हणून मी मान खाली घालून बसले.

“डोकं वर धर तिचं,” सासूबाई म्हणाल्या. “ठसका लागेल.”

मुलगी आधी चाचपडली, मग तिला सापडलं. ती इतक्या जोराने ओढू लागली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती जगली. पुढे काही आठवडे, वळसंगहून एस्तेरची आत्या येऊन नीट घडी बसेपर्यंत, मी रोज टांग्याने जात होते. त्यावरून गल्लीत जे काय झालं ते झालं. धोंडूला काहीही झालं नाही. एस्तेर मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी गेली. म्हातारी नर्स म्हणाली, शेवटी शुद्ध नव्हती. चर्चमधली माणसं म्हणतात, ती गीत गात गेली, कसली भीती म्हणून नव्हती. तसंही असेल. मी तिला शेवटचं बघितलं ते त्या दुपारी.

“ओढतंय का?” तिने विचारलं.

“ओढतंय.”

“जबडा?”

“चांगला चालतोय. हे बघा.” मी पदर जरा बाजूला केला आणि स्टूल खाटेला अगदी लावून घेतलं. मुलीचा गाल आत जात होता, बाहेर येत होता. एस्तेर त्या गालाकडे बघत राहिली.

“वैनी, मला लई भ्या वाटतंय.”

मी ‘भिऊ नका’ म्हणायला हवं होतं. तेवढंसुद्धा मला जमलं नाही. “मलापण,” मी म्हटलं.

तिने हात लांब केला आणि माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. हात निखाऱ्यासारखा कढत होता, लुगड्यातूनही लागत होता. तिने काठ सोडला नाही, मीही सोडवला नाही. बाहेर टांगेवाला खोळंबला होता, त्याने हाक मारली, मग आणखी एक मारली.

“थांब रे जरा,” सासूबाई दारातून त्याच्यावर ओरडल्या, “बाळ पितंय!”